'शिकायला मिळते' हे वेतन नव्हे

नांदेडला किंवा लातूरला एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात नुकताच पदवीधर झालेला तरुण नोकरी मागावयास गेला, की पगाराचा विषय निघण्याआधीच त्याच्या कानी एक वाक्य पडते : 'इथे शिकायला मिळेल, हेच काय कमी आहे?' वाक्य मोठ्या वात्सल्याने उच्चारले जाते. ऐकणाऱ्याला वाटावे, आपल्यावर केवढे हे उपकार! महिनाअखेरीस हातावर जी रक्कम पडते ती पाहिली, की या वात्सल्याचा अर्थ उलगडतो. घरभाडे, खानावळ आणि मोटारसायकलचे पेट्रोल एवढ्यात ती संपते. ज्या इमारतीचा नकाशा या तरुणाने रात्री जागून काढला, त्याच इमारतीवर वीट रचणाऱ्या कुशल गवंड्याची महिन्याची मजुरी कित्येकदा त्याच्या पगारापेक्षा अधिक भरते. गवंड्याला अधिक मिळते याचे आम्हांला दुःख नाही; त्याच्या घामाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. आमचा आक्षेप त्या वाक्याला आहे. सुशिक्षितांच्या व्यवहारातील ते एक अत्यंत अप्रामाणिक वाक्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धर्मगुरूने वास्तुविशारदांच्या पगारात नाक का खुपसावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. प्रश्न रास्त आहे आणि त्याला आमची तीन उत्तरे आहेत. पहिले असे, की वेतन हा केवळ हिशेबाचा विषय नाही, नीतीचा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात हेच ठणकावून सांगितले. कामगाराने अमुक रकमेला होकार दिला एवढ्याने ती रक्कम न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुसरे उत्तर असे, की मराठवाड्यातील आमच्या धर्मग्रामांतून, आणि शेजारच्या गावांतूनही, कर्ज काढून शिकलेली मुलेमुली आमच्याकडे येतात आणि 'फादर, पुण्याला कुणी ओळखीचे आहे का?' असे विचारतात. तिसरे उत्तर या लेखाच्या अखेरीस येईल, कारण ते आम्हा सर्वांना थोडे बोचणारे आहे.

प्रथम हे शिक्षण काय असते ते पाहू. वास्तुविशारदाची पदवी पाच वर्षांची. त्यासाठी निराळी प्रवेशपरीक्षा. अभियांत्रिकी चार वर्षांत संपते. येथे एक वर्ष अधिक, आणि त्यातील एक सत्र प्रत्यक्ष कार्यालयात काढावयाचे. कागद, रंग, प्रतिकृतींचे साहित्य, संगणक, अभ्याससहली यांचा खर्च शुल्काहून निराळा. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या परिषदेकडे नाव नोंदविल्याखेरीज कोणालाही स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणविता येत नाही. म्हणजे डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांच्या पंक्तीत बसणारा हा व्यवसाय. एखाद्या शेतकऱ्याने लातूरजवळची एकरभर जमीन विकून मुलीला या व्यवसायात घातले, तर ती समाजाने दिलेल्या त्या प्रतिष्ठेवर विश्वास ठेवूनच.

आता ही मुलगी कार्यालयात काय करते ते पाहू. सकाळी दहाला येते. महापालिकेच्या मंजुरीसाठी लागणारे नकाशे संगणकावर काढते. चटईक्षेत्राचे कोष्टक जुळविते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील सामासिक अंतरे, वाहनतळ आणि जिन्याची रुंदी तपासते. ग्राहकाला भुरळ पडावी म्हणून इमारतीची रंगीत चित्रे तयार करते. दुपारच्या उन्हात बांधकामावर जाऊन स्लॅबच्या सळ्या नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत की नाहीत ते पाहते. संध्याकाळी परत येऊन ग्राहकाने सुचविलेले बदल करते. आणि रात्री नऊला, कधी अकराला घरी जाते. नकाशावर सही मालकाची. ते योग्यच, कारण कायद्याची जबाबदारी त्याची. परंतु त्या नकाशाचे शुल्क ग्राहकाकडून घेतले जाते की नाही? घेतले जाते. मग त्यातील श्रम कोणाचे?

आमच्या मते येथे एकच कसोटी पुरेशी आहे. जे काम ग्राहकाच्या बिलात चढते ते शिक्षण नव्हे, श्रम होय. गुरूने शिष्याला जवळ बसवून जुन्या वाड्याचा छेद काढावयास लावला, चुकले तेथे पेन्सिलीने खूण केली आणि कागद बाजूला ठेवला, तर ते शिक्षण. त्याच शिष्याने काढलेला नकाशा महापालिकेत दाखल झाला, त्यावर इमारत उभी राहिली, सदनिका विकल्या गेल्या, तर ते उत्पादन झाले. उत्पादनातला वाटा द्यावयाच्या वेळी 'तू शिकत होतास' असे म्हणणे म्हणजे ज्वारी खळ्यावर आल्यावर सालगड्याला 'तुला शेती कळली ना?' असे विचारण्यासारखे आहे. काम करताना माणूस शिकतो हे खरेच. पण तो आयुष्यभर शिकत असतो. पंचवीस वर्षे व्यवसाय केलेला वास्तुविशारदही प्रत्येक नव्या इमारतीत काही शिकतो. म्हणून तो आपले शुल्क कमी करतो काय?

या कसोटीवर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप थोरांच्या चरित्रांतून येतो. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळाले, ते पॅरिसला ल कोर्ब्यूझिए यांच्याकडे गेले तेव्हा पहिले आठ महिने त्यांनी बिनपगारी काम केले, याचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. दोशी मोठे झाले ते उपाशी राहिल्यामुळे नव्हे, उपाशी राहूनही. त्या आठ महिन्यांत किती गरीब मुलांना पॅरिसचा विचारही करता आला नसेल, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आणखी एक गोष्ट. त्या कार्यालयात शिकविणारा ल कोर्ब्यूझिए होता. ज्या कार्यालयात वर्षभर त्याच त्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि खाली दोन दुकाने असे नकाशे निघतात, त्याने आपल्या सावलीलाही गुरुकुल म्हणवून घ्यावे, हे अंमळ जास्त होते.

दुसरा आक्षेप : 'आम्हीही असेच दिवस काढले.' हा तर्क घराघरांतील सासूला ठाऊक आहे. आपण सोसले म्हणून पुढच्याने सोसावे, या न्यायाने जगातील कोणताही अन्याय कधीच संपला नसता. शिवाय त्या दिवसांचे आणि आजचे गणित सारखे नाही. शिक्षणाचा खर्च वाढला आहे आणि तो बहुतेक घरांत बँकेच्या कर्जातून भागविला जातो. कर्जाचा हप्ता 'शिकायला मिळते' या चलनात स्वीकारणारी बँक अजून आम्हांला आढळलेली नाही.

तिसरा आक्षेप : 'महाविद्यालयातून आलेल्यांना काहीच येत नाही, त्यांना घडविण्यात आमचा वेळ जातो.' यात तथ्याचा अंश आहे. निविदेचा मसुदा कसा करावा, कंत्राटदाराचे बिल कसे तपासावे, हे वर्गात पुरेसे शिकविले जात नसेल. पहिल्या दोन-तीन महिन्यांत नवखा माणूस कार्यालयाला भार वाटतो, हेही मान्य. मग त्या दोन-तीन महिन्यांचे वेतन थोडे कमी ठेवा, ते आधी सांगा, कागदावर लिहून द्या आणि मुदत संपताच वाढवा. प्रत्यक्षात होते ते असे, की उमेदवारीची ही मुदत वर्ष-दीड वर्ष लांबते. तोवर तो तरुण कंटाळून निघून जातो आणि त्याच्या जागी नवा उमेदवार येतो. ज्याला घडविण्यात वेळ जातो अशी तक्रार आहे, त्याला घडल्यावर टिकवून धरण्याची तजवीज मात्र नसते. वर्षागणिक नवी, स्वस्त माणसे घेण्याची ही रीत पाहिल्यावर 'घडविणे' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला जातो, असा प्रश्न पडतो.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला आम्ही आदराने उत्तर देऊ इच्छितो. लहान शहरांतील वास्तुविशारद म्हणतात, 'द्यावे असे आम्हांलाही वाटते. पण द्यायचे कोठून? आमचेच शुल्क बुडते.' हे खोटे नाही. घर बांधणारा मालक सिमेंट, सळई, फरशी यांवर लाखो रुपये खर्च करतो, पण नकाशाला पैसे द्यावयाचे म्हटले की 'चार रेघांचे एवढे?' असे विचारतो. महापालिकेच्या आसपास चौरस फुटाच्या भावाने नकाशे काढून देणाऱ्यांशी त्याची तुलना करतो. कायद्याचा आधारही येथे लंगडा आहे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की १९७२ चा अधिनियम 'आर्किटेक्ट' या नामाभिधानाचे रक्षण करतो. नोंदणी नसलेल्यांना वास्तुरचनेचे काम करण्यास तो मनाई करीत नाही. म्हणजे नाव राखीव, काम खुले. अशा बाजारात भाव पडणे साहजिक आहे.

परंतु पडलेल्या भावाचा सारा भार सर्वांत अशक्त खांद्यावरच का यावा? शुल्क कमी मिळाले म्हणून कार्यालयाचे भाडे थांबत नाही, विजेचे बिल थांबत नाही, संगणकप्रणालीचे पैसे थांबत नाहीत. थांबतो तो कनिष्ठाचा पगार, कारण तोच एक देणेकरी असा आहे की ज्याला दार दाखविता येते. शिवाय आणखी एक झाकलेली गोष्ट बोलून टाकू. शुल्कातील तूट काही जण फरशी, प्लायवूड आणि नळसामानाच्या दुकानदारांकडून मिळणाऱ्या दलालीतून भरून काढतात. व्यवसायाच्या आचारनियमांना अशी दलाली संमत नाही. ग्राहकाला आपण स्वस्तात काम करून घेतले असे वाटते. तोच पैसा तो फरशीच्या भावात मोजतो. हा पैसा उघडपणे शुल्क म्हणून मागण्याचे धैर्य व्यवसायाने दाखविले, तर त्यातून कनिष्ठांचे वेतन निघू शकेल. दलालीतून ते कधीच निघत नाही, कारण दलालीचा हिशेब कनिष्ठांना दाखवावयाचा नसतो.

आचारनियमांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांतील फारशी न वाचली जाणारी एक गोष्ट सांगावयास हवी. १९८९ साली लागू झालेल्या वास्तुविशारदांच्या व्यावसायिक आचार-विनियमांत मालक असलेल्या वास्तुविशारदावर काही कर्तव्ये घातली आहेत. आपल्याकडे काम करणाऱ्यांच्या व्यावसायिक योगदानाचा त्याने मान राखावा, त्यांना कामाचे योग्य वातावरण द्यावे, रास्त मोबदला द्यावा आणि त्यांच्या व्यावसायिक उन्नतीस हातभार लावावा, असा त्यांचा आशय आहे. वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. रास्त वेतन ही तरुणांनी मागितलेली भीक नाही. ज्या नोंदणीच्या बळावर मालक आपल्या दारावर पाटी लावतो त्या नोंदणीचीच ती अट आहे. गैरवर्तनाची चौकशी करण्याचा अधिकार परिषदेला आहे. दुसऱ्याचे काम हिरावून घेतले, शुल्क पाडले, जाहिरात केली यांविषयी व्यवसायात हिरिरीने बोलले जाते. कनिष्ठाला रास्त मोबदला न देणे हेही त्याच पंक्तीतले गैरवर्तन आहे, असे बोलताना आम्ही फारसे कोणाला ऐकलेले नाही.

'रास्त' म्हणजे किती, हे विनियमात लिहिलेले नाही, अशी पळवाट काढली जाईल. मग ते लिहावे. इतर व्यवसायांनी ते केले आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने उमेदवारांचे किमान विद्यावेतन आपल्या विनियमांतच ठरवून दिले असून ते शहराच्या लोकसंख्येप्रमाणे बदलते. चार लाखांच्या वरचे शहर एका वर्गात, खालचे दुसऱ्या वर्गात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नांदेडची वस्ती साडेपाच लाखांची आणि लातूरची पावणेचार लाखांच्या थोडी वर. म्हणजे ही दोन शहरे तेथे दोन निरनिराळ्या वर्गांत पडतात. इतका बारीक विचार त्यांनी केला आहे. रक्कम मोठी नाही, पण जमीन आखून दिली आहे. तिच्याखाली कोणाला ढकलता येत नाही. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरांचे विद्यावेतन महाराष्ट्र शासनाने २०१९ साली दरमहा ६,००० वरून ११,००० रुपये केले. त्याआधी त्या मुलांना रस्त्यावर उतरावे लागले होते. वकिली हा तर कनिष्ठांच्या उपासमारीसाठी प्रसिद्ध व्यवसाय. तेथेही ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. पण निदान आकडा उच्चारला गेला. घरे कशी बांधावीत हे जगाला शिकविणाऱ्या व्यवसायाने स्वतःच्या घराची जोती अद्याप भरलेली नाहीत.

देशाचा कायदाही या प्रश्नावर मुका नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत इमारती उभ्या राहत होत्या. त्यांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले, की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय. भूक हीदेखील एक सक्तीच आहे. पूर्वी किमान वेतनाचे संरक्षण ठरावीक अनुसूचीतील रोजगारांपुरते होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने ते सर्व नोकरदारांपर्यंत नेले आणि तांत्रिक कामाचाही त्यात स्पष्ट समावेश केला. निजामाची राजवट १९४८ साली संपली, तिच्याबरोबर वेठ संपली असे आम्ही मराठवाड्यात मानतो. वातानुकूलित खोलीत, संगणकासमोर बसवून घेतलेल्या कामालाही वेठ म्हणता येते, हे मान्य करावयास आमची जीभ अडखळते एवढेच.

वेतनाइतकाच उन्नतीचा प्रश्न बिकट आहे. सरकारी नोकरीत निदान पायऱ्या असतात. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात वास्तुविशारदांची शाखा आहे, परंतु तिच्यातील जागा मोजक्या. खाजगी कार्यालयात पायरीच नसते. एक मालक आणि बाकी सारी 'मुले'. पाच वर्षे झाली तरी 'आमच्या मुलांनी केले' असेच म्हटले जाते. नियुक्तिपत्र नाही, म्हणून अनुभवाचा पुरावा नाही. अनुभवाचे प्रमाणपत्र मागितले की ते राजीनाम्याच्या वादात अडकते. आपण काढलेले नकाशे पुढील मुलाखतीत दाखविण्याची परवानगी नाही. नकाशाच्या कोपऱ्यात 'रेखन' आणि 'तपासणी' असे दोन लहान चौकोन असतात. त्यांत आद्याक्षरे घालण्याचीही कंजुषी होते. मुलींची स्थिती आणखी अवघड. रात्री उशिरापर्यंत थांबवून घ्यावयाचे, बांधकामावर पाठवावयाचे मात्र टाळावयाचे, आणि मग 'बांधकामाचा अनुभव नाही' म्हणून बढती नाकारावयाची, असा हा न्याय आहे.

याचा परिणाम काय होतो? ज्याच्या वडिलांचा बांधकामाचा धंदा आहे किंवा ज्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही तो दोन-तीन वर्षे तगतो आणि पुढे स्वतःची पाटी लावतो. ज्याला घरी पैसे पाठवावयाचे आहेत तो पुण्याला किंवा हैदराबादला जातो, अथवा व्यवसायच सोडून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो. म्हणजे या तुटपुंज्या वेतनाने गुणवत्तेची निवड होत नाही, ऐपतीची होते. वास्तुकलेच्या दारावर 'गरिबांस प्रवेश नाही' अशी पाटी कोणी लावलेली नाही. ती लावण्याची गरजच उरलेली नाही. लातूरने गुणवंत मुले घडविण्याचा आपला 'पॅटर्न' साऱ्या राज्याला दाखविला. घडलेली मुले लातुरात राहावीत असा पॅटर्न मात्र अजून कोणी काढलेला नाही.

ती राहिली नाहीत तर काय बिघडले, असे विचारणाऱ्याने किल्लारीची आठवण करावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. उन्हाळ्यात गार राहणारी ती रचना भूकंपात कबर ठरली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसविली गेली. जमीनधारणेनुसार कोणाला २५० चौरस फूट, कोणाला ४००, कोणाला ७५० अशी घरे मिळाली. हे काम प्रचंड होते आणि त्यात राबलेल्यांविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. तथापि या नव्या गावांवर एक टीका सातत्याने होत आली : जुन्या गावातील गल्ली, चौक, पार, भावकीची एकत्र नांदणारी घरे यांच्या जागी पट्टीने आखलेल्या सरळ रांगा आल्या; जनावरे, कडबा, अवजारे यांना जागा उरली नाही. माती आणि माणसे या दोहोंची जाण असलेले, तेथेच वाढलेले वास्तुविशारद पुरेशा संख्येने असते, तर काही गावांचा चेहरा निराळा झाला असता, असे आम्हांला वाटते.

किल्लारी एकदाच घडली असेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या शहराची तहान आगगाडीने भागवावी लागते, तेथे छपरावरचे पाणी कोठे साठवावे, भिंत कोणत्या दिशेला जाड असावी, उन्हाळ्याच्या दुपारी खोली पंख्यावाचून कशी सोसावी, हे प्रश्न चैनीचे नाहीत. त्यांची उत्तरे मुंबईच्या नियतकालिकांतील काचेच्या इमारतींत मिळणार नाहीत. ती शोधावयास येथलीच डोकी हवीत आणि त्या डोक्यांना दोन वेळचे अन्न हवे. नांदेडने २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने केवढी बांधकामे पाहिली! शहर बदलण्यासाठी पैसा उभा राहू शकतो हे तेव्हा सर्वांनी अनुभवले. दगडासाठी पैसा निघतो, तर तो दगड कोठे बसवावा हे ठरविणाऱ्यासाठी का निघू नये?

आता ते तिसरे उत्तर. मराठवाड्यात इमारती कोण बांधते? बिल्डर बांधतात, सरकार बांधते, आणि संस्थाही बांधतात : शिक्षणसंस्था, रुग्णालये, धर्मादाय न्यास, देवस्थाने. आमच्या ख्रिस्ती संस्थाही त्यांत आल्या. शाळा, वसतिगृहे, दवाखाने, मंदिरे यांचे बांधकाम धर्मप्रांतोधर्मप्रांती चालू असते. आणि संस्था कोणत्याही धर्माची असो, नकाशाचे पैसे देण्याची वेळ आली की तिच्या तोंडी एक ठरलेले वाक्य येते : 'देवाचे काम आहे, थोडे सांभाळून घ्या.' वास्तुविशारद सांभाळून घेतो. त्याला कोण सांभाळून घेते? त्याच्या कार्यालयातील तेवीस वर्षांचा तरुण. देवाच्या नावाने घेतलेली सवलत अशी त्या तरुणाच्या खिशातून जाते. मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी चुकते कर, अशी आज्ञा अनुवादाच्या ग्रंथात आहे. वेदीची नकलाकृती काढणाऱ्याला त्या आज्ञेतून वगळल्याचे आम्ही कोठे वाचलेले नाही.

ग्राहकाने मनात आणले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण लंडनचे आहे. तेथील सर्पेंटाइन कलादालन दरवर्षी उन्हाळ्यात एखाद्या नामवंत वास्तुविशारदाकडून मंडप उभारून घेते. २०१९ साली हे काम जपानच्या जुनया इशिगामी यांच्याकडे होते. त्यांच्या कार्यालयात उमेदवारांना बिनपगारी राबवून घेतले जाते, अशी ओरड झाली. तेव्हा त्या कलादालनाने बजावले, की आमच्या मंडपावर काम करणाऱ्या प्रत्येकाला वेतन मिळालेच पाहिजे. कोणताही नवा कायदा करावा लागला नाही. पैसे देणाऱ्याने एक प्रश्न विचारला, एवढेच.

तोच प्रश्न आम्ही विचारावा, अशी या लेखाची मागणी आहे. यापुढे आपल्या कोणत्याही संस्थेने इमारतीचे काम सोपविताना करारात तीन ओळी घालाव्यात. नकाशांवर काम करणाऱ्या प्रत्येक पदवीधराला नियुक्तिपत्र असावे. त्याचे वेतन कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी नसावे आणि ते दरमहा ठरल्या तारखेला मिळावे. काम पुरे झाल्यावर त्याचे नाव नकाशावर आणि अनुभवपत्रावर यावे. याच्या बदल्यात संस्थेने परिषदेच्या शुल्कपत्रकाप्रमाणे पूर्ण शुल्क द्यावे, घासाघीस करू नये. ज्याला देवासाठी देणगी द्यावयाची आहे त्याने ती पावती घेऊन द्यावी. कनिष्ठाच्या पगारातून ती परस्पर कापली जाऊ नये.

परिषदेकडे आमचे मागणे एवढेच, की १९८९ च्या विनियमातील 'रास्त' या शब्दाला तिने आकडा द्यावा, तो शहरागणिक ठरवावा, दर दोन वर्षांनी महागाईशी ताडून पाहावा, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून चौकशी करावी. व्यवसायातील ज्येष्ठांना आम्ही विनवू, की आपल्या कार्यालयात निदान तीन पायऱ्या बांधा आणि कोणत्या पायरीवर किती वर्षांनी चढता येईल ते भिंतीवर लावा. तरुणांनाही एक सांगणे आहे. एकेकट्याने मालकाच्या खोलीत जाऊन कुजबुजण्यापेक्षा नांदेड-लातूरच्या सर्व कनिष्ठांनी एकत्र बसून आपापले पगार एका कागदावर लिहावेत. गुप्तता ही या व्यवहारातील मालकाची सर्वांत मोठी पुंजी आहे; ती पहिल्या बैठकीतच संपेल.

दादरचे पोर्तुगीज चर्च पाहावयास आजही दुरून लोक येतात. सत्तरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी ते रचले. अशी एखादी वास्तू मराठवाड्याच्या काळ्या मातीत, इथल्याच एखाद्या मुलीच्या हातून उभी राहावी, अशी इच्छा बाळगण्यात काही चूक नाही. परंतु त्या मुलीने पहिली तीन वर्षे या व्यवसायात टिकावयास हवे. तिने टिकावे असे वाटत असेल, तर तिला द्यावयाच्या गोष्टींची यादी लहान आहे : नियुक्तिपत्र, ठरल्या तारखेला पुरेसा पगार आणि नकाशाच्या कोपऱ्यात तिचे नाव. शिकणे ती आपले आपण पाहून घेईल.